झडपेचा जंतुदोष आणि शस्त्रक्रियेची वेळ

रोग्याच्या खाटेशी बसलेल्या नातेवाइकापुढे डॉक्टर एक कागद ठेवतात. त्यावर सही करावयाची असते, किंवा अंगठा उठवावयाचा असतो. हृदयाच्या झडपेला जंतू लागले आहेत, झडप बदलावी लागेल आणि शस्त्रक्रियेत जिवाला धोका आहे, एवढे त्याच्या ध्यानात आलेले असते. तो विचारतो, "साहेब, ऑपरेशन केले तर वाचेल ना?" या प्रश्नाला डॉक्टरांकडून 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर मिळत नाही, आणि म्हणून तो अधिकच घाबरतो. खांडबाऱ्याच्या परिसरातून सुरतेला किंवा मुंबईला नेलेल्या रोग्यांच्या घरच्या माणसांशी बोलताना हा प्रसंग आम्ही निरनिराळ्या तोंडून ऐकला आहे. कोणी सही करतो, तर कोणी 'चार दिवस थांबून पाहू' असे म्हणून माणसाला गाडीत घालून घरी आणतो.

थांबणारा माणूस मूर्ख असतो असे मुळीच नाही. त्याच्या हातातील कागदावर शस्त्रक्रियेचे धोके ओळीने मांडलेले असतात. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे मात्र त्याला तितक्याच स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडून दाखवलेले असते. एकाच पारड्यात वजन टाकले तर तराजू एकीकडेच झुकणार. दुसऱ्या पारड्यात काय असते, आणि दिवस जातात तसतशी दोन्ही पारडी कशी बदलतात, ते या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम झडप म्हणजे काय ते पाहू. विहिरीवर मोटार बसविणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणे सोपे आहे. मोटारीच्या नळीच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण मागे येऊ देत नाही. त्यात कचरा अडकला किंवा त्याचे चामडे फाटले म्हणजे मोटार फिरत राहते, तापते, आणि पाणी मात्र पुन्हा विहिरीत पडते. हृदयात अशा चार झडपा आहेत. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी या झडपा उघडतात व मिटतात. डाव्या बाजूच्या दोन झडपांवर दाब अधिक पडतो. एक फुप्फुसाकडून आलेले रक्त खालच्या कप्प्यात सोडणारी, तिला डॉक्टर मायट्रल म्हणतात. दुसरी साऱ्या शरीराला रक्त नेणाऱ्या महारोहिणीच्या तोंडाशी असणारी, ती एऑर्टिक. या झडपांच्या पाकळ्या पातळ कागदासारख्या असतात, आणि निरोगी पाकळी इतकी गुळगुळीत असते की रक्तातून जाणारा जंतू सहसा तिच्यावर टिकत नाही.

पाकळी खरबरीत झाली म्हणजे मात्र जंतूला आसरा मिळतो. आपल्याकडे झडप खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, घसा बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे सुजतात. सांधे पुढे पूर्ववत होतात, झडपेवरचा व्रण मात्र राहून जातो. काहींची झडप जन्मतःच सदोष असते, काहींची वयाने कठीण होते, तर काहींच्या हृदयात पूर्वीच कृत्रिम झडप बसविलेली असते. अशा माणसाच्या किडक्या दाढेतून, गळवातून किंवा शिरेत अनेक दिवस ठेवलेल्या सुईच्या वाटेने जंतू रक्तात शिरले की ते त्या खरबरीत जागी चिकटतात. त्यांच्याभोवती रक्ताची गाठ जमते, त्या गाठीत जंतू वाढतात, आणि विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसा एक लोंबता पुंजका पाकळीवर तयार होतो. फार जहाल जंतू असेल तर तो निरोगी झडपेवरही बसू शकतो. त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू या जातीचा आहे.

पाश्चात्त्य देशांत हा रोग आता बहुधा साठीपुढच्या माणसांना, किंवा ज्यांच्या हृदयात आधीच काही यंत्र बसविले आहे अशांना होतो. आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदी पाहिल्या तर रोगी पुष्कळदा तरुण असतो आणि त्याची झडप संधिवाताच्या तापाने आधीच खराब झालेली असते. म्हणजे घरातला कमावता माणूस किंवा लेकुरवाळी बाई या रोगाच्या तडाख्यात सापडते.

हा रोग नवा नाही. विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८८५ साली लंडन येथे यावर व्याख्याने दिली, आणि रोगाचे वर्णन करण्यापलीकडे त्या काळच्या वैद्याच्या हाती फारसे काही नाही हे त्यांना ठाऊक होते. गुस्टाव्ह माहलर हा जगप्रसिद्ध संगीतकार १९११ साली याच रोगाने वारला. न्यूयॉर्क येथे त्याच्या रक्तातून जंतू वाढवून डॉक्टरांनी अचूक निदान केले होते, पण त्या निदानावर औषध नव्हते. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावला. १९४० नंतरच्या दशकात ते रोग्यापर्यंत पोचले, आणि ज्या रोगात जवळजवळ प्रत्येक रोगी दगावत असे त्यात माणसे बरी होऊ लागली. आपल्या राज्यात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षापासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ही घटना साध्या माणसाच्या दृष्टीने किती मोठी होती याची आज आपल्याला कल्पना येत नाही.

परंतु पेनिसिलीन मिळाल्यावरही काही रोगी मरतच राहिले. त्यांच्या रक्तातील जंतू मरत, पण फाटलेली पाकळी औषधाने शिवली जात नसे. त्यासाठी हृदय उघडणे आवश्यक होते, आणि हृदय उघडावयाचे तर तेवढा वेळ त्याचे काम दुसऱ्या कोणी तरी केले पाहिजे. १९५३ सालच्या मे महिन्यात जॉन गिबन यांनी अमेरिकेत हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९६० साली आल्बर्ट स्टार या शस्त्रवैद्याने लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या मदतीने तयार केलेली, पिंजऱ्यातील चेंडूसारखी कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसविली. तरीही जंतू जिवंत असताना तेथे परकी वस्तू बसविणे म्हणजे आगीत लाकूड घालणे, अशीच समजूत होती. १९६५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील डॉक्टरांनी, औषधाला न जुमानणारा जंतुदोष चालू असतानाच एका रोग्याची एऑर्टिक झडप काढून कृत्रिम झडप बसविल्याचे आणि तो रोगी वाचल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर या विचाराला वळण लागले. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ सालच्या फेब्रुवारीत हृदयारोपणाचा प्रयत्न केला. तो रोगी काही तासच जगला, पण हृदयाची शस्त्रक्रिया या विद्येने आपल्या राज्यात किती मजल मारली होती ते त्यावरून दिसून आले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आज उत्तम औषधे असताना झडप कापावी का लागते? सुमारे निम्म्या रोग्यांना ती वेळ येतच नाही. चार ते सहा आठवडे शिरेतून औषध दिल्याने ते बरे होतात. पाकळीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो आणि जंतू गाठीत दडून बसलेले असतात, म्हणून औषध इतके दिवस द्यावे लागते. ताप आठ दिवसांत उतरला तरी उपचार पुरा झाला असे होत नाही. उरलेल्या निम्म्या रोग्यांना मात्र तीनपैकी एखाद्या कारणासाठी शस्त्रक्रिया लागते.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे हृदयाचे थकणे. पाकळी फाटली, तिला छिद्र पडले, की रक्त मागे फिरते, फुप्फुसात पाणी साचते, रोग्याला आडवे झोपता येत नाही. फाटलेला फूटव्हॉल्व्ह मोटारीला तेल घालून दुरुस्त होत नाही, तसेच हे. दुसरे कारण, जंतू आवरत नाहीत. योग्य औषध देऊनही आठवड्याभरानंतर ताप व रक्तातील जंतू कायम राहतात, किंवा जंतू पाकळीपाशी न थांबता भोवतालच्या मांसात पू करतात. या पुवाने हृदयाच्या ठोक्याचा संदेश नेणारी वाट तुटली तर नाडी एकाएकी मंदावते. तिसरे कारण, पुंजक्याचा तुकडा सुटण्याची भीती. तो मेंदूत अडकला तर अर्धांगवायू होतो, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात अडकला तर तो भाग मरतो. पुंजका दहा मिलिमीटरहून मोठा असेल आणि एखादा तुकडा आधीच सुटलेला असेल, तर पुढचा तुकडा सुटण्याची वाट पाहू नये असे तज्ज्ञ मानतात. तुकडे सुटण्याचा धोका औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत अधिक असतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. हे ध्यानात घेतले म्हणजे डॉक्टर घाई का करतात ते समजते.

शस्त्रक्रियेत धोका किती? हे लपविण्यात अर्थ नाही. जंतुदोष नसताना ठरवून केलेल्या झडपेच्या शस्त्रक्रियेत शंभरांपैकी साधारणतः दोन ते पाच रोगी दगावतात. जंतुदोष चालू असताना हाच आकडा दहा ते वीसपर्यंत जातो. झडपेभोवती पू झालेला असेल, जंतू स्टॅफिलोकॉकस असेल, पूर्वीची कृत्रिम झडपच बिघडलेली असेल, मूत्रपिंडे बंद पडली असतील किंवा रक्तदाब कोसळला असेल, तर त्याहूनही अधिक. जे वाचतात त्यांतील काहींना रक्तस्रावासाठी पुन्हा टेबलावर घ्यावे लागते, काहींना काही दिवस डायलिसिस लागते, काहींना कायमचा पेसमेकर बसवावा लागतो, काहींना मेंदूचा झटका येतो. कागदावर लिहिलेले असते ते हेच, आणि ते खरेच आहे.

आता दुसरे पारडे. अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून या रोगाच्या चार हजारांवर रोग्यांची नोंद ठेवली आणि तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे हृदय थकले होते अशांपैकी शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतील सुमारे २१ रुग्णालयातच वारले. केवळ औषधावर ठेवलेल्या शंभरांतील सुमारे ४५ वारले. वर्ष संपताना हे आकडे २९ आणि ५८ झाले. येथे चोखंदळ वाचक शंका घेईल की, जे फार खंगलेले होते त्यांना शस्त्रवैद्यांनी टेबलावर घेतलेच नसेल, म्हणून औषधाच्या बाजूचा आकडा फुगला असेल. ही शंका रास्त आहे आणि काही अंशी खरीही आहे. परंतु असा हिशेब सुधारून घेतल्यावरही, हृदय थकलेल्या रोग्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचे पारडे जडच राहते, असे जाणत्यांचे मत आहे.

वेळेविषयीचा अधिक नेटका पुरावा दक्षिण कोरियातून आला. तेथील डॉक्टरांनी २०१२ साली ७६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झडप फार गळत होती आणि पुंजका मोठा होता, पण हृदय अजून थकले नव्हते असे हे रोगी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत केली, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने औषधे देऊन गरज पडेल तेव्हा शस्त्रक्रिया केली. रुग्णालयात मृत्यू किंवा सहा आठवड्यांच्या आत तुकडा सुटून झालेली इजा, यांपैकी काहीतरी पहिल्या गटात ३७ पैकी एकाला भोगावे लागले, दुसऱ्या गटात ३९ पैकी नऊ जणांना. मृत्यूंच्या संख्येत दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. फरक पडला तो तुकडे सुटून होणाऱ्या इजेत. शेतात राबणाऱ्या माणसाचा उजवा हात लुळा पडणे ही मृत्यूखालोखालचीच हानी आहे, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. मात्र हे रोगी निवडलेले होते आणि शस्त्रवैद्य निष्णात होते, एवढे भान ठेवून हा आकडा वाचावा.

म्हणजे घाई नेहमीच चांगली काय? तसेही नाही. मेंदूत तुकडा अडकून झटका आला असेल पण रक्तस्राव नसेल, तर हृदयाची गरज निकडीची असल्यास शस्त्रक्रिया लांबवीत नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर मात्र, हृदय तग धरीत असल्यास, साधारणतः चार आठवडे थांबतात. कारण हृदय-फुप्फुस यंत्र चालविण्यासाठी रक्त पातळ करावे लागते आणि त्याने मेंदूतील स्राव वाढण्याची भीती असते. तात्पर्य, थांबणे हा देखील वैद्यकीय निर्णय आहे. तो तपासणी करून रुग्णालयातच घ्यावयाचा असतो. घरी येऊन थांबणे आणि रुग्णालयात थांबणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

नंदुरबार जिल्ह्यातील लोकांनी येथे आणखी एक गोष्ट विसरू नये. आपल्या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तदोष बराच आढळतो. अशा माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला किंवा अंग गार झाले की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या बंद करतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत शरीर मुद्दाम गार करण्याची पद्धत आहे. म्हणून रोगी स्वतः आजारी असो की केवळ वाहक असो, शस्त्रक्रियेपूर्वी ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असलेच पाहिजे. माहीत असेल तर अंग ऊबदार ठेवणे, रोग्याचे काही रक्त काढून निरोगी रक्त भरणे असे उपाय करता येतात. सिकलसेल आहे म्हणून शस्त्रक्रिया अशक्य होत नाही. कार्ड घरी राहिले असेल तर तोंडाने सांगावे, तपासणी झालीच नसेल तर ती करण्यास सांगावे.

शस्त्रक्रियेत झडपेचे काय करतात? शक्य असेल तेथे, विशेषतः मायट्रल झडपेच्या बाबतीत, सडलेला भाग काढून उरलेली पाकळी शिवतात. स्वतःची झडप राहिली तर पुढचा त्रास कमी. ते शक्य नसेल तर झडप बदलतात. बदलण्याच्या झडपा दोन जातींच्या. एक धातू व कार्बनची यांत्रिक झडप. ती फार वर्षे टिकते, परंतु तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी प्राण्याच्या ऊतींपासून केलेली. तिला ही गोळी बहुधा थोडेच महिने लागते, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणांत त्याहूनही लवकर, आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया. त्रिवेंद्रम येथील श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयत्न फसल्यावर भारतीय यांत्रिक झडप तयार केली. ती ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रोग्याच्या हृदयात बसविली गेली आणि तेव्हापासून हजारो भारतीयांच्या उपयोगी पडली आहे.

कोणती झडप घ्यावी हे केवळ वयावर ठरवू नये, रोग्याच्या राहणीवरही ठरवावे. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वारंवार रक्त तपासून पाहावा लागतो. गोळी कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. हाती कोयता घेऊन फडात राहणाऱ्या, महिना महिना गावाबाहेर असणाऱ्या माणसाला ही तपासणी कोठे व कोण करून देणार, याचा विचार शस्त्रक्रियेपूर्वी व्हावा. मूल व्हावयाचे आहे अशा स्त्रीनेही ते आधीच सांगावे, कारण ही गोळी गर्भाला बाधक ठरू शकते. हे प्रश्न रोग्याकडून आले नाहीत तर डॉक्टरांना ते सुचतीलच असे नाही. त्यांना आपला फड आणि आपले घर दिसत नसते.

बरे झाल्यानंतरचे काय? मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून पाहता, शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकी साधारणतः दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रोगी पाच वर्षांनी हयात असतात, आणि त्यांतील पुष्कळजण आपले कामधाम करीत असतात. रोग पुन्हा जडण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे दोन ते सहा. ते कमी ठेवणे आपल्या हाती आहे. दात रोज घासावेत, किडकी दाढ मुदतीत दाखवावी, आणि दाढ काढण्यापूर्वी आपल्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा हा रोग एकदा होऊन गेला आहे, हे दंतवैद्याला सांगावे. तो तासाभरापूर्वी घ्यावयाची औषधाची मात्रा देईल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अंगदुखीच्या गोळ्या, झाडपाल्याची औषधे किंवा कमरेत सुई आपल्या मनाने घेऊ नये. आणि ताप आला तर तो साधा ताप आहे असे धरून चालू नये.

हीच गोष्ट आम्हाला सर्वांत आग्रहाने सांगावयाची आहे, कारण ती खांडबाऱ्यातच ठरते, सुरतेत किंवा मुंबईत नव्हे. आपल्याकडे ताप पुष्कळ प्रकारचे. हिवताप, विषमज्वर, सिकलसेलचा त्रास. ताप आला की सलाईन आणि सुई, दोन दिवसांनी उतरला, आठवड्याने पुन्हा चढला, पुन्हा सुई. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत. ते दबतात, आणि मग रक्तातून ते वाढवून ओळखण्याची तपासणी फसते. आपल्या देशात या रोगाच्या पुष्कळ रोग्यांत ही तपासणी निष्फळ ठरते, आणि रुग्णालयात येण्यापूर्वी घेतलेली औषधे हे त्याचे एक मोठे कारण आहे. जंतू कोणता ते न कळल्याने औषध अंदाजाने द्यावे लागते, दिवस वाया जातात, झडप फाटते, आणि मग शंभरांत दहाचा धोका वीस-तीसवर जातो. म्हणून ज्याला झडपेचा विकार आहे, ज्याची झडप बदललेली आहे, किंवा लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, त्याचा ताप आठवडाभर राहिला, सोबत घाम, वजन घटणे, धाप किंवा अंगात एकाएकी लुळेपणा आला, तर सुई टोचण्यापूर्वी रक्त तपासणीसाठी घ्यावे असा आग्रह धरावा. ही तपासणी एका नमुन्याने भागत नाही, निरनिराळ्या जागांतून तीन नमुने घेतात. हृदयाची सोनोग्राफीही लागते, आणि छातीवरून नीट दिसले नाही तर नळी अन्ननलिकेत घालून पाहतात.

नंदुरबारला २०२० साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. निदानाची पहिली पायरी तरी जवळ आली, ही चांगली गोष्ट आहे. हृदय उघडण्यासाठी मात्र बहुधा सुरत, नाशिक किंवा मुंबईच गाठावी लागते. खर्चाच्या भीतीनेही दिवस जातात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, आणि आयुष्मान भारतचे कार्ड परराज्यातील योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालते. आपण ज्या रुग्णालयात जाणार ते योजनेत आहे काय, एवढे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. सहा आठवडे रुग्णालयात राहणे मजुरी करणाऱ्या घराला झेपत नाही हेही आम्ही जाणतो. डेन्मार्कमधील ४०० रोग्यांच्या अभ्यासाने २०१९ साली दाखवून दिले की, शिरेतून निदान दहा दिवस औषध घेऊन स्थिर झालेल्या रोग्याला पुढे गोळ्यांवर ठेवले तरी चालू शकते. परंतु ते डॉक्टरांनी ठरवावयाचे व पुढे तपासत राहावयाचे आहे. बरे वाटले म्हणून आपण होऊन निघून येणे ते नव्हे.

याच्याही आधीची पायरी आहे ती शाळेत. मुलाचा दुखरा घसा योग्य औषधाने बरा करणे, आणि संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई कित्येक वर्षे न चुकता देणे, एवढ्याने झडप वाचते. सुई दुखते, मुले चुकवितात, आणि आईबापांना वाटते की पोर तर खेळते आहे, मग कशाला? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी पथके शाळेत येतात तेव्हा अशा मुलाचे नाव शिक्षकांनी आवर्जून पुढे करावे.

आता त्या कागदाकडे परत येऊ. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. शस्त्रक्रिया आज केली तर धोका किती? आठवड्याने केली तर किती? मुळीच केली नाही तर काय होईल? आणि बरे झाल्यावर आमच्या गावी राहून कोणते औषध व कोणती तपासणी चालवावी लागेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचे काम हलके होते. उत्तर ऐकून कोणी 'नको' म्हणेल तर तोही त्याचा हक्क आहे, कारण अतिवृद्ध किंवा पार खंगलेल्या माणसाला शेवटचे दिवस घरच्यांत काढू देणे हाच काही वेळा योग्य निर्णय असतो. मात्र तो दोन्ही पारडी पाहून घेतलेला असावा.

'ऑपरेशन केले तर वाचेल ना?' या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर आजही नाही. परंतु पहिल्या आठवड्यात तपासलेल्या रक्ताने ते उत्तर जितके आशेचे होते, तितके ते महिन्याभराने कोणत्याही शस्त्रवैद्याच्या कौशल्याने होत नाही.